पंच्याहत्तर अश्वशक्तीचं काय करायचं?

चाकणच्या कारखान्यात तयार झालेली २०१२ची फोक्सवॅगन पोलो. हायलाइन, पेट्रोल. इंजिन १.२ लिटरचं, तीन सिलिंडरचं, ७५ अश्वशक्तीचं. चिंचवडला राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्याच्या दारात ही गाडी उभी असते. दार लावताना येणारा तिचा भरीव आवाज त्याला आजही आवडतो, स्टीअरिंग हाताला बसलेलं आहे, आणि वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली म्हणून तिच्यात जीवही गुंतलेला आहे. तक्रार एकच. चिपळूणहून परतताना कुंभार्ली घाट चढायचा, गाडीत चौघं, एसी चालू, की गाडीचा दम उखडतो. ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगायचं, मोकळी जागा दिसली की पाय पुरता दाबायचा, आणि गाडी निघेनिघेपर्यंत समोरच्या वळणावर एसटी दिसायला लागते. एका गॅरेजवाल्याने त्याला सांगितलं होतं, दीड लाख टाक, गाडी ओळखू येणार नाही. घरच्यांचं म्हणणं, तेच पैसे डाउन पेमेंटला घाल आणि पिकअपवाली नवी गाडी घे. दिवाळीच्या आधी त्याने मला विचारलं, काय करू?

त्याला नीट उत्तर द्यायचं म्हणून मी पुण्याच्या नाना पेठेतली स्पेअरची दुकानं, भोसरी-चिंचवडमधली गॅरेजं आणि कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या लेथ मशीनपर्यंत हिंडलो. मिस्त्री, टायरवाले, विम्याचे सर्वेअर, जुन्या गाड्यांचे एजंट यांच्याशी बोललो. माझं मत झालं ते आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्याच भोवती फिरणार आहे. जुन्या गाडीला पकड देता येते, ब्रेक देता येतो, तिचं हरवलेलं अंग परत आणता येतं. ताकद आणि सुरक्षितता मात्र तिला बाहेरून देता येत नाही. ती विकतच घ्यावी लागते.

ताकदीपासून सुरुवात करू. अश्वशक्तीचा आकडा सगळे विचारतात, घाटात मात्र कामाला येतो तो टॉर्क, म्हणजे चाकाला मिळणारा पीळ, आणि तो किती फेऱ्यांवर मिळतो हे. या पोलोचा टॉर्क ११० न्यूटन मीटर आणि तोही ३,७५० फेऱ्यांना. म्हणजे इंजिन ओरडायला लागल्याशिवाय गाडी ओढत नाही. त्याच पोलोत २०२० साली आलेलं एक लिटरचं टर्बो इंजिन १७५ न्यूटन मीटर देतं आणि ते १,७५० फेऱ्यांपासून. इंजिन आकाराने लहान, पण घाटात तिसऱ्या गिअरमध्येच निघून जाणारं. त्यात उंचीचाही हिशेब आहे. साध्या इंजिनाची ताकद दर शंभर मीटर चढाला साधारण एक टक्क्याने उतरते, कारण वर हवा विरळ होत जाते. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरच्या आसपास, आपल्या ७५ घोड्यांतले नऊ-दहा घोडे गळालेले असतात. टर्बो हवा दाबून भरतो, म्हणून त्याच्या बाबतीत ही गळती बरीच भरून निघते.

आता दीड लाखात काय मिळणार होतं? मोठा एअर फिल्टर, फ्री-फ्लो सायलेन्सर, इंजिनाच्या संगणकाचं, म्हणजे ईसीयूचं, रिमॅपिंग, अलॉय व्हील आणि गाडी खाली बसवणारी स्प्रिंग. रिमॅपिंगची कीर्ती मोठी आहे आणि टर्बो गाड्यांच्या बाबतीत ती खरीही आहे. टर्बो इंजिनात कंपनीने दाब मर्यादेत ठेवलेला असतो. तो थोडा वाढवला की ताकदीत वीस-पंचवीस टक्के वाढ सहज होते. पण टर्बो नसलेल्या तीन सिलिंडरच्या इंजिनात वाढवायला दाबच नाही. फिल्टर, सायलेन्सर आणि रिमॅप मिळून चार-सहा घोडे वाढले तर नशीब. भोसरीतल्या एका जाणत्या मिस्त्रीने हे मला लपवाछपवी न करता सांगितलं: या इंजिनावर गिऱ्हाइकाला आवाज मिळतो, पिकअप मिळत नाही. हाच माणूस डिझेल पोलो रिमॅप करून देतो आणि त्यात चांगले पैसेही कमावतो, म्हणून त्याच्या बोलण्याला मी वजन दिलं.

टर्बो असली तरी सगळं फुकट नसतं. वाढलेला पीळ क्लच प्लेटवर, गिअरबॉक्सवर, इंजिनाच्या माउंटिंगवर जातो. पोलो जीटी टीएसआयमध्ये जो सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स बसवलेला आहे, त्याची मर्यादा २५० न्यूटन मीटरची. कंपनीने त्याच्यावर १७५च टाकले आणि मध्ये अंतर राखलं. आपण हे अंतर खाऊन टाकतो तेव्हा त्याची किंमत एक-दोन वर्षांनी, बहुधा पावसाळ्यात, भर घाटात वसूल होते.

मग प्रश्न असा उरतो की आपल्याकडे बनलेल्या गाड्यांत खरी चपळ छोटी गाडी इतकी कमी का? याचं उत्तर करांमध्ये आहे. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा लहान आणि पेट्रोल असेल तर १,२०० सीसीच्या आतल्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली, आणि भारतातली छोटी गाडी त्या चौकटीत घडत गेली. मोठं इंजिन छोट्या गाडीत घालणं परवडेनासं झालं. २०१०च्या सुमारास पोलोत १०५ अश्वशक्तीचं १.६ लिटरचं पेट्रोल इंजिन आलं होतं, ते फार टिकलं नाही. पुढे २०१३ला जीटी टीएसआय आली ती १.२ लिटरच्या टर्बोसह, सवलतीच्या चौकटीत अगदी मापून बसवलेली. २०१५ला रांजणगावहून फियाटची पुंतो अबार्थ आली, १.४ लिटर टर्बो, १४५ अश्वशक्ती. चौकटीबाहेरची आणि आजही जिचं नाव काढलं की गाडीवेड्यांचे डोळे चमकतात अशी. टाटांनी कोइम्बतूरच्या जयेम ऑटोमोटिव्हजशी भागीदारी करून २०१८ला टियागो जेटीपी आणली: टर्बो इंजिन, ११४ अश्वशक्ती, थोडी खाली बसवलेली, सस्पेन्शन कडक केलेलं. कारखान्यातूनच मॉडिफाय होऊन आलेली, सहा-साडेसहा लाखांतली गाडी. बीएस-६ प्रदूषण मानकं आल्यावर तीही गेली. पोलोचं उत्पादन २०२२ला थांबलं. मला या तिन्ही गाड्यांचं जाणं मनापासून लागलं, कारण सामान्य माणसाच्या आवाक्यातला चालवण्याचा आनंद त्यांच्यात होता.

सप्टेंबर २०२५पासून जीएसटीची रचना बदलली, पण ती चौकट तशीच राहिली आहे. १,२०० सीसीपर्यंतच्या छोट्या पेट्रोल गाडीला १८ टक्के, त्यापुढच्या मोठ्या गाडीला ४० टक्के. म्हणजे एक लिटर टर्बोची ह्युंदाई आय-२० एन लाइन स्वस्त गटात बसते, तर चाकणचीच १.५ लिटरची १५० अश्वशक्तीची व्हर्टस जीटी महाग गटात. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी रस्ता कर: पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२ टक्के, पुढे १३ टक्के. शोरूममधला आकडा आणि घरी येईपर्यंतचा आकडा यांतलं अंतर आधीच कागदावर मांडलेलं बरं.

आता ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला त्याकडे येतो. माझ्या स्नेह्याची पोलो मी चिंचवडमध्ये रॅम्पवर चढवून घेतली. पुढच्या लोअर आर्मचे बुश फाटलेले, रबर सुटून लोंबणारं. लिंक रॉड खडखडणारे. मागचे दोन्ही शॉकअप तेलाने ओले, म्हणजे गळालेले. ब्रेकचं ऑइल चहाच्या रंगाचं. ते हवेतली ओल पितं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि ओल प्यायलेलं ऑइल घाट उतरताना उकळलं की पेडल खाली जातं. इंजिनाचा एक माउंट बसलेला. थ्रॉटल बॉडी काजळलेली. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. या टायरांवर होतं ३११७. म्हणजे २०१७चा एकतिसावा आठवडा. नक्षी अजून दिसत होती, म्हणून मालक निर्धास्त होता. पण रबर नखाने दाबलं तर दबत नव्हतं. पाच-सहा वर्षांनंतर टायर झिजला नाही तरी कडक होतो, आणि कडक टायर ओल्या रस्त्यावर धरत नाही.

ही गाडी सुस्त आणि सैल वाटत होती याचं निम्मं कारण तिथे डोळ्यांसमोर लोंबत होतं. स्टीअरिंग वळवलं की आधी बुशातली ढील संपायची, मग टायरची कड वाकायची, आणि मग कुठे गाडी वळायची. चालवणारा याला म्हातारपण म्हणतो आणि इलाज म्हणून सायलेन्सर बदलतो.

आम्ही ठरवलं की आधी गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशी करायची, त्यात एक कणही जादा नको. चांगल्या कंपनीचे चार टायर, मूळ मापाचेच, १८५/६० आर १५. चार शॉकअप आणि त्यांचे वरचे माउंट. बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल. प्लग, फिल्टर, थ्रॉटलची सफाई, इंजिन माउंट. शेवटी थ्री-डी अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. हे सगळं करायला दीड लाखाच्या निम्म्याहून थोडे जास्त पैसे गेले, तेही सुटे भाग निवडून घेतले म्हणून. नाना पेठेत डुप्लिकेट बुश निम्म्या किमतीत मिळतात; ते घेतले असते तर वर्षभरात पुन्हा रॅम्पवर चढलो असतो.

नंतर ताम्हिणीत गाडी काढली तेव्हा फरक बोलून दाखवावा लागला नाही. घोडे तेवढेच होते. पण वळणात वेग कमी करावा लागत नव्हता म्हणून वळणानंतर तो पुन्हा मिळवावाही लागत नव्हता. कमी ताकदीच्या गाडीत वेग मिळवण्याचा खरा मार्ग हाच: तो घालवायचा नाही. ज्याला चालवण्याची आवड आहे त्याने एकदा हे अनुभवावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण बहुतेकांनी आपली स्वतःची गाडी धडधाकट अवस्थेत गेल्या कित्येक वर्षांत चालवलेलीच नसते.

यापुढे एखादी पायरी जायची तर टायर थोडा रुंद करता येतो. त्यात एक हिशेब सांभाळायचा: चाकाची एकूण उंची मूळच्यापेक्षा तीन टक्क्यांपलीकडे बदलू द्यायची नाही, आणि भार व वेगाचा निर्देशांक मूळच्यापेक्षा कमी घ्यायचा नाही. १८५/६० आर १५ची उंची ६०३ मिलिमीटर. १९५/६० आर १५ची ६१५, म्हणजे दोन टक्के जास्त, चालेल. १९५/५५ आर १६ घेतला तर ६२१, अगदी काठावर. आणि मोठं चाक म्हणजे जड चाक, आधीच दमलेल्या इंजिनाला ते फिरवायचं. दिसायला भरदार, पळायला उलट मंद.

गाडी खाली बसवण्याच्या मी विरोधात आहे. भारतीय रस्ते महासभेच्या मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, हलक्या फुगवट्याचा असावा असं आहे. तसा गतिरोधक आपल्या गावाबाहेर कोणी पाहिला असेल तर कळवावं. प्रत्यक्षात डांबराचे उभे बांध असतात, आणि पावसाळ्यानंतर खड्डे. मूळ स्प्रिंग ग्राइंडरने कापून गाडी खाली आणण्याचा जो प्रकार चालतो तो तर थेट धोकादायक आहे; कापलेली स्प्रिंग जागेवर नीट बसत नाही आणि उसळीत निसटू शकते.

दिखाऊ सामानाबद्दल फार लिहीत नाही. स्पॉयलर, काळी काच, रंगीत दिवे यांनी गाडी जोरात पळत नाही, आणि काचेवरच्या काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने २०१२लाच मनाई केली आहे.

कायद्याची बाजू मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण गॅरेजमध्ये ती कोणी सांगत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल वाहनात करता येत नाही. केरळातल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं आणि केरळ उच्च न्यायालयाचा सैल अर्थ रद्द केला. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून लागू झालेल्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं: बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. इंजिन बदलायचं तर त्याच बनावटीचं आणि प्रकारचं, आणि आरटीओची नोंद करून. रंग बदलला तरी आरसी बुकात नोंद लागते. झिजलेला शॉकअप, टायर, ब्रेक पॅड त्याच मापाचा नवा टाकणं ही दुरुस्ती झाली. तिला कोणाची हरकत नाही.

मोठ्या आवाजाचे सायलेन्सर पोलीस काढून घेतात आणि आपल्या राज्यातल्या अनेक शहरांत त्यांच्यावर रोलर फिरवल्याची छायाचित्रं तुम्ही पाहिली असतील. पण दंडापेक्षा मला विम्याची काळजी जास्त वाटते. अपघात झाला की सर्वेअर येतो, गाडी बघतो. बदल पॉलिसीत नोंदवलेला नसेल तर दावा अडकू शकतो किंवा नाकारला जाऊ शकतो. रिमॅप बाहेरून दिसत नाही, पण निदान यंत्र लावलं की ईसीयूत फेरफार झाल्याचं बऱ्याच गाड्यांत कळतं. दुसऱ्याला इजा झालेली असेल तर हा विषय पैशांपुरता राहत नाही. जे अधिकचं सामान कायद्यात बसतं ते नोंदवावं, थोडा हप्ता वाढतो तो वाढू द्यावा.

आणि गुंतवलेला पैसा परत येत नाही. जुन्या गाड्यांच्या एजंटांमध्ये यावर एकमत आहे: ‘कंपनी फिटेड’ गाडीला भाव, मॉडिफाय केलेल्या गाडीला घासाघीस. काही बदललंच असेल तर मूळ भाग पोत्यात भरून माळ्यावर ठेवा, विकताना परत बसवता येतील.

आता सुरक्षिततेकडे, जिथे माझा कल जुन्या गाडीकडून स्पष्टपणे नव्या गाडीकडे झुकतो. २०१४ला ग्लोबल एनकॅपने भारतात बनलेल्या पोलोची धडक चाचणी घेतली. एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले, दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार. सांगाडा एकच, फरक दोन पिशव्यांचा. एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९पासून, पुढच्या दोन्ही एअरबॅग जानेवारी २०२२पासून. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलांत या दोन्ही गोष्टी नसण्याची शक्यता मोठी. कुठलंही गॅरेज त्या नंतर बसवून देऊ शकत नाही. तुमच्या गाडीला एअरबॅग नसतील तर तिच्या इंजिनावर एक रुपयाही घालू नका. वेग ८०वरून १०० केला की थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. ती ब्रेक आणि टायर पेलतात, ते नाही पेलले तर माणसं.

पासिंगची तारीखही बघायला हवी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. माझ्या स्नेह्याची २०२७ला संपते. मग आरटीओत तपासणी, पाच हजारांचं नूतनीकरण शुल्क, हरित कर, आणि पुढची पाच वर्षं. मॉडिफाय केलेली गाडी या तपासणीच्या रांगेत उभी करायची आहे, हे आजच लक्षात घ्यायला हवं.

विकत घ्यायचं ठरलं तर माझी पहिली पसंती आहे सेकंडहँड पोलो, एक लिटर टर्बो, सहा गिअरची मॅन्युअल, २०२० ते २०२२मधली. ११० अश्वशक्ती, त्याच जुन्या पोलोची भक्कम बांधणी, आणि डीएसजीच्या दुरुस्तीची धास्ती नाही. घेताना मागच्या मालकाने रिमॅप केला होता का हे सर्व्हिस सेंटरला तपासून घ्या. अशा गाड्या नेमक्या हौशी हातांतून आलेल्या असतात. नवीच हवी असेल तर आय-२० एन लाइन मॅन्युअलमध्ये चालवून बघा. पैसा आणि पार्किंग दोन्ही असेल तर व्हर्टस १.५. टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. चौघांना बसवा, एसी लावा आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ट्रक ओलांडून बघा. आणि त्याआधी स्वतःची गाडी टायर-शॉकअप बदलून धडधाकट करा, नाहीतर तुम्ही नव्या गाडीची तुलना आपल्या फाटलेल्या बुशांशी करत बसाल.

ज्यांना याहून जास्त वेग हवा त्यांच्यासाठी रस्ता ही जागाच नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला कमाल वेग १०० आहे आणि तिथे आता कॅमेरे आहेत. चेन्नई आणि कोइम्बतूरला शर्यतींचे ट्रॅक आहेत, आपल्याकडे तळेगावजवळ नाणोलीला आणि कोल्हापुरात लहान ट्रॅक आहेत. एका शनिवारी गो-कार्टमध्ये घाम गाळून या. रिमॅपच्या खर्चात असे कितीतरी शनिवार निघतात.

माझ्या स्नेह्याला मी सांगितलं ते असं: गाडी दुरुस्त झाली आहे, आता सहा महिने अशीच चालव. त्यानंतरही कुंभार्लीत टॉर्क कमी पडला तर २०२७ची वाट न बघता ही विक आणि टर्बो घे. या गाडीच्या इंजिनाला हात लावू नकोस.

तुम्हीही याच पेचात असाल तर दिवाळीचे फटाके उडण्याआधी खाली जा, टायरवरचे चार आकडे वाचा, आरसी बुकातली नोंदणीची शेवटची तारीख बघा आणि गाडीला एअरबॅग किती आहेत ते मोजा. टायर पाच वर्षांपुढचे असतील तर बाकी काहीही ठरवण्याआधी ते बदला.